बंदीतली क्रेन

आमच्या मुरबे गावच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढल्या, की बोईसरमधल्या माझ्या घरी खोकी उघडायची वेळ होते. जून-जुलैची मासेमारीची बंदी म्हणजे गावात जाळी विणायचे दिवस, आणि माझ्याकडे ठोकळ्यांचे. परवा बाबांचा फोन आला. पावसाची, जावयाची, माझ्या गुडघ्याची चौकशी झाली आणि मग, आत्ताच आठवल्यासारखं करून, या वर्षी कसलं खोकं आणलंस ते विचारलं. मी म्हटलं, माती खणायचं यंत्र. त्यावर त्यांनी विचारलं, बादली कशानं उचलते, दोरीनं का दांड्यानं. फोन ठेवला तेव्हा सुधीर, माझा नवरा, हसत होता. म्हणाला, तुझ्या वडिलांना माझ्या तब्येतीपेक्षा त्या बादलीची काळजी जास्त आहे. ते खरंच होतं.

ठोकळे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लहान मुलांची रंगीत घरं येतात. माझे ठोकळे वेगळे. त्यांत भोकं असलेल्या पट्ट्या असतात, लांब-आखूड दांडे असतात, नखाएवढी दातेरी चाकं असतात, आणि हे सगळं एकमेकांत अडकवणाऱ्या शेकडो काळ्या पिना असतात. दोन-अडीच हजार तुकडे. स्क्रू नाही, गोंद नाही. नीट जुळलं की गाडी ढकलल्यावर आत इंजिनाचे दट्टे, म्हणजे पिस्टन, वरखाली होतात आणि गिअर बदलला की त्यांचा वेगही बदलतो. पंचेचाळिसाव्या वर्षी मी हे जमिनीवर मांडी घालून करते. पूर्वी पाहुणे आले की सुधीर कपाटाला पडदा लावायचा. आता तोच पडदा सारून सांगतो, आमच्याकडे नऊ वाहनं आहेत, अडचण फक्त पार्किंगची आहे. बिल्डिंगचा वॉचमन पार्सल देताना दर वेळी विचारतो, "मॅडम, बच्चे का बर्थडे है क्या?" आमची मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तरी मी दर वेळी हो म्हणते.

हे खूळ कुठून आलं, असं लोक विचारतात. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर काहीतरी विरघळवायचं, रंग बदलला की आकडा लिहायचा आणि भांडं धुऊन टाकायचं. संध्याकाळी परत येताना दाखवायला हातात काही नसतं. हे कारण खरं आहे, पण अपुरं आहे. बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीचा प्रमुख, सुकाणू धरणारा माणूस. आणि आमच्या घरात बोटीवर बाईमाणसानं चढायचं नाही असा रिवाज. बंदीच्या दिवसांत बोटीचं इंजिन खोलायचे तेव्हा धाकटा भाऊ जगू आत बसून फडक्यानं दट्टे पुसायचा आणि मी खाली चिखलात उभी राहून ओरडायची, आत काय दिसतं रे? तो सांगायचा, तेल. एवढंच. त्याचं ते 'तेल' मला अजून पचलेलं नाही.

पण ज्या पावसाळ्याबद्दल मी सांगणार आहे, तो बाबांचा आहे. त्या वर्षी वैशाखात, जाळं विणता विणता त्यांच्या हातातून सुई पडली. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पालघरच्या दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून बोलणं वाचलं, चालणंही महिन्याभरात परत आलं. हात तेवढा मागे राहिला. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई बोईसरला होत्या, म्हणून बंदीपुरते बाबा माझ्याकडे आले. एक पिशवी कपडे आणि एक पिशवी सुके बोंबील. बोंबलांची पिशवी मोठी होती.

बाईंनी त्यांना दाबायला एक रबरी चेंडू दिला. बाबांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी सोफ्याखाली ढकलला. मी काढून दिला, पुन्हा ढकलला. खिडकीशी बसून ते पाऊस कुठून येतोय ते बघायचे, आणि बोईसरात पाऊस कुठून येतो ते कळत नाही म्हणून कुरकुरायचे. समोर कारखान्याची चिमणी, खाली साचलेलं पाणी, दोऱ्यांवर न वाळणारे कपडे. मी कामावर जायचे तेव्हा ते जिथे असायचे, आल्यावरही तिथेच असायचे. मला ते बघवत नव्हतं.

मग एका रविवारी मी क्रेनचं खोकं उघडलं. बाबा तिरक्या नजरेनं बघत होते. पुठ्ठ्यावरच्या चित्रात आकड्याला दोर बांधलेला पाहिला आणि उठून जवळ आले. माशांचं जाळं वर ओढायला बोटीवर असंच रहाट असतं. पहिल्या पिशवीतले तुकडे मी परातीत ओतले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी डाव्या हातानं निवडायला घेतले. लांब एकीकडे, आखूड एकीकडे, चाकं वाटीत. आई किनाऱ्यावर म्हावरं निवडायची तसंच, मान खाली घालून. पाचव्या मिनिटाला परातीत एकसुद्धा तुकडा चुकीच्या जागी नव्हता.

मी त्यांच्यासमोर माहितीचं पुस्तक ठेवलं आणि लगेच जीभ चावली. बाबा शाळेत गेलेच नाहीत. सही करतात, आकडे ओळखतात, तेवढंच. पण त्या पुस्तकात अक्षर नसतंच. कुठला तुकडा, किती, कुठे बसवायचा, सगळं चित्रांत. बाबांनी पहिलं पान बघितलं, बोट ओलं करून दुसरं उलटलं, मग तिसरं. परत पहिल्यावर आले. नंतर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मला वाचता येतंय." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. त्यांच्या बासष्टाव्या वर्षी त्यांना त्यांचं पहिलं पुस्तक मिळालं होतं आणि ते क्रेनचं होतं.

त्या दिवसापासून घराला वेळापत्रक आलं. सकाळी व्यायामाच्या बाई, मग पेज, मग क्रेन. मी संध्याकाळी सहाला आले की चहा घेता घेता दिवसभरात झालेलं काम बघायचं, आणि मग दोघांनी मिळून पुढची दोन पानं. जवळच्या पाम गावातली भाजीवाली शेवळांची रानभाजी घेऊन यायची, तिच्यात मी गावचे सुक्या कोलंबीचे सोडे घालायची, आणि जेवतानाही बाबा गिअरबद्दल बोलायचे. मोठं चाक लहान चाकाला फिरवतं तेव्हा काय होतं, उलटं केलं तर काय, रिव्हर्सला मधे एक जादा चाक का लागतं. बोटीच्या इंजिनाबद्दल त्यांनी मला चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं ते त्या जेवणांत सांगितलं. मी ताटात हात तसाच वाळू द्यायची. सुधीर बिचारा मधूनच मीठ मागायचा.

आता तेलाची गोष्ट. आठवड्याभरात क्रेनचा गिअरबॉक्स तयार झाला होता. पिना बसवताना बाबांना फार त्रास व्हायचा. पिन दाबली की टक् आवाज आला पाहिजे, तर ती पुरती बसली, आणि त्यांच्या अंगठ्याला तेवढा जोर नव्हता. पण एका संध्याकाळी मी घरी आले तर बाबांचा चेहरा उजळला होता. तेरा पानं झाली होती. सगळ्या पिना आत. माझ्यासमोर त्यांनी उजव्या अंगठ्यानं एक पिन दाबली आणि ती सुळकन गेली. मला इतका आनंद झाला की आवाज का आला नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. त्याच भरात त्यांनी जगूला फोन लावायला सांगितला. नारळी पौर्णिमेपर्यंत ही क्रेन माझ्या हातानं पुरी झाली तर सुकाणूवर मीच, असं त्याला बजावलं. जगू बरं म्हणाला. बाबांपुढे तो दुसरं काही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी क्रेनचा लांब दांडा वर केला आणि तो आपणहून खाली आला. पुन्हा केला, पुन्हा आला. मी गिअरबॉक्स उचलला तर पिना घरंगळून मांडीवर पडल्या आणि बोटं बुळबुळीत झाली. बाबांनी माझ्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली शोधून, काडीनं एकेका चाकाला, एकेका पिनेला तेल लावलं होतं. दातेरी चाकं बिनतेलाची फिरवायची हे त्यांना सहनच झालं नव्हतं. पिना निव्वळ घर्षणावर धरून राहतात, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कारण हे कुणाला सांगावं लागेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. सगळं खोलून भांड्याच्या साबणानं धुतलं आणि जुलैच्या त्या दमट हवेत पंख्याखाली पंचावर पसरलं. तेल नको म्हणणारं यंत्र बाबांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं. तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो.

हसणं तुकडे वाळेपर्यंतच टिकलं. कोरड्या पिना पुन्हा अर्ध्यावर अडकायला लागल्या. तेरा पानं झाली होती ती हातामुळे नाही, तेलामुळे, हे बाबांना कळलं आणि त्यांनी पुस्तक मिटलं. त्यांनी पुन्हा खिडकीशी जाऊन बसू नये एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं. म्हणून मी एक केलं. सकाळी ते आंघोळीला गेले की मी आदल्या दिवशीच्या अर्ध्या बसलेल्या पिना भराभर दाबून टाकायची. टक्, टक्, टक्. नळाच्या आवाजात ते ऐकू जात नसे. मग डबा घेऊन कामावर. मला वाटायचं मी मोठं पुण्याचं काम करते आहे. दांडा आता खाली येत नव्हता, बाबा पुन्हा पानं उलटत होते, आणि त्यांचा हात सुधारतोय असं मी बाईंना, सुधीरला आणि स्वतःलाही सांगत होते.

आषाढ संपताना जगू आला. बोंबील ठेवले, बाबांची क्रेन बघितली, छान म्हणाला, आणि मी चहा ठेवायला आत गेले तेव्हा माझ्या मागे आला. पंधरा वर्षं तो बाबांच्या हाताखाली बोटीवर होता. त्याला तांडेल व्हायची घाई नव्हती, मी त्याला ओळखते. तो सांगत होता ते वेगळं होतं. श्रावणात खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, त्यावर लाटा फुटतात, आणि तिथून बोट बाहेर काढताना सुकाणू क्षणभर जरी सुटलं तर बोट आडवी होते. तिथे दुसऱ्यानं हात लावायला वेळ नसतो.

"ताई, तू सांग त्यांना," तो म्हणाला. "माझ्याच्यानं नाय होणार."

मी सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या पिना दाबल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी मी कामावरून आले तर चहा मागितला गेला नाही. बाबा क्रेनसमोर बसले होते. त्यांनी मला जवळ बसवलं आणि एका पिनेवर बोट ठेवलं. काल ही त्यांनी मुद्दाम अर्धीच ठेवली होती. आज ती आत होती. मी काहीतरी बोलायला गेले, त्यांनी हात वर केला.

"जाळ्यात दुसऱ्याचं घर चुकलं तर आपण काय करतो?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. लहानपणापासून बघितलेलं. आमच्या घरी एकेका जाळ्यावर चार-चार माणसं बसायची. कुणाच्या हातून जाळ्यातलं एखादं घर सैल पडलं, गाठ चुकली, तर ज्याला दिसेल त्यानं तिथे लाल दोरा बांधायचा. सोडवायचं नाही. ज्यानं विणलं तो येऊन दोरा बघेल, आपल्या हातानं गाठ सोडेल आणि पुन्हा घालेल. काका, आजोबा, कुणीही असो. दुसऱ्याची गाठ गुपचूप दुरुस्त करणं हा त्याचा अपमान, आणि बोटीला धोका. कारण त्या माणसाचा हात चुकतोय हे मग कुणालाच कळत नाही, त्यालाही नाही.

"खूण करायची होती, बाय," बाबा म्हणाले. रागावले नव्हते. "मी समजत होतो हात आला. बोटीवर आठ माणसं असतात."

मी रडले. मला माझ्या चांगुलपणाची लाज वाटली, आणि भीतीही वाटली. त्या आठांत जगू होता, त्याच्या शेजारचे दोघं होते, ज्यांच्या बायका मला दर गणपतीत भेटतात. मी बाबांना सुख देत होते असं मला वाटत होतं, आणि खरं तर त्यांच्याकडून त्यांचा हातच लपवत होते. शिवाय एक गोष्ट तेव्हा कुणाला सांगितली नाही, आता सांगते. चाळीस वर्षांनी बाप माझ्या वाट्याला आला होता, आणि क्रेन थांबली तर तोही थांबेल असं मला वाटत होतं.

त्यांनी क्रेन सोडवायला घेतली. पूर्ण, पहिल्या पिशवीपर्यंत. सगळे तुकडे पुन्हा परातीत आले, पुन्हा निवडले गेले, आणि पुस्तक पहिल्या पानावर उघडलं. मी शिवणाच्या डब्यातून लाल रीळ आणलं. बाबा दिवसभर एकटे जोडायचे आणि संध्याकाळी मी फक्त तपासायची. जी पिन अर्धी असेल तिथे दोरा. हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सव्वीस दोरे बांधले. मी बांधत होते आणि बाबा शेजारी बसून, इथं पण एक राहिली, म्हणून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या सव्वीस पिना पुन्हा दाबल्या, संध्याकाळी एकवीस दोरे उरले. मग सतरा. मग अकरा. चेंडू सोफ्याखालून आपणहून बाहेर आला. खाली बाजारात नारळांचे ढीग लागले, गावाकडून बोटींना रंग चढत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. नऊ दोऱ्यांवर गाडी अडली. चार दिवस नऊ. त्या चार दिवसांत आम्ही घरात हळू बोलायचो.

त्या पावसाळ्याचा विचार केला की मला तो क्रेनचा पिवळा रंग आधी आठवतो, मग साबणाचा वास, मग बाबांचा वाकलेला मानेचा कणा. आजही नवं खोकं जोडताना एखादी पिन घट्ट लागली की मी थांबते आणि अंगठ्याकडे बघते. एवढासा जोर लागतो. बरणीचं झाकण उघडायला लागतो त्याहून कमी. आणि तो नाही म्हणून एका माणसाचं सगळं आयुष्य एका बाजूला राहू शकतं, हे मला त्या आधी ठाऊक नव्हतं.

पौर्णिमेला पाच दिवस होते. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. सुधीर बाजारात गेला होता. क्रेन कंबरेपर्यंत आली होती आणि तिचा वरचा भाग खालच्या भागावर चार पिनांनी बसवायचा होता, चारही एकाच वेळी दाबून. बाबांनी अंगठ्यानं दाबलं. तळहातानं दाबलं. जमिनीवर टेकवून कोपरानं दाबलं. मी पलीकडे बसून रीळ हातात धरून होते आणि त्यांच्या कपाळावरची शीर बघत होते. मी काही केलं नाही. आयुष्यात इतकं अवघड दुसरं काही मी केलेलं नाही. शेवटी त्यांनी दोन्ही भाग उचलले, थोडा वेळ मांडीवर धरून ठेवले आणि माझ्या हातात दिले.

"बाय, हे तू दाब," ते म्हणाले. "माझ्यानं नाय होत."

असं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी दाबलं. चारही पिना बसल्याचा आवाज दोघांनी ऐकला. बाबांनी जोड चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि बरोबर हाय म्हणून मान हलवली. मग जगूला फोन लावायला सांगितलं.

पलीकडे बोटीवर ठोकाठोक चालली होती, ती थांबली. आमच्याकडे पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतो तो बोटीचा तांडेल, दुसरं कुणी नाही. बत्तीस वर्षं आमच्या बोटीचा नारळ बाबांनी वाहिला होता.

"जगू," ते म्हणाले, "या वर्षी नारळ तुझ्या हातचा."

जगूनं अगदी हळू विचारलं, "आणि तुमी, बाबा?"

बाबांनी समोर बघितलं. कंबरेपर्यंतची क्रेन, शेजारी पाच न फोडलेल्या पिशव्या, आणि मी.

"मी हितंच हाय," ते म्हणाले. "आमची क्रेन अजून अर्धी हाय."